फिलोमेनच्या तितीला फोन

सकाळी पावणेसहाला ओदील थिबोदोच्या स्वयंपाकघरामागचं कपडे धुण्याचं यंत्र गरगरायला लागतं. त्यात कपडे नसतात. किसलेले बटाटे भरून तोंड घट्ट बांधलेले उशीचे अभ्रे असतात. यंत्राचा धुण्याचा भाग कधीच निकामी झाला आहे. पिळण्याचा तेवढा शाबूत आहे, आणि ओदीलला तेवढाच लागतो. पिळलेलं पाणी बादलीत पडतं. बादली किती भरली ते ओदील बघते आणि तितकाच कोंबडीचा उकळता रस कोरड्या किसावर ओतते. कीस फुगतो, खळीसारखा होतो. मग मोठ्या ट्रेमध्ये खाली किसाचा थर, मध्ये कोंबडी, वर पुन्हा कीस, आणि ट्रे भट्टीत. वर तपकिरी कडक कवच आलं की झालं. याला रापूर म्हणतात. नोव्हा स्कोशियात, सेंट मेरी उपसागराच्या आमच्या किनाऱ्यावर लग्न असो, बारसं असो की मयत, ताटात हीच असते. बाहेरचे लोक पहिला घास घेतात आणि नम्रपणे पाणी मागतात.

ओदील एकोणसाठ वर्षांची आहे. बुटकी, रुंद खांद्यांची, केस कानाच्या वर कापलेले. वयाच्या सोळाव्या वर्षी ती मासळीच्या कारखान्यात लागली आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच होती. नवरा कामिल तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेला तेव्हा सहा महिन्यांनी येतो म्हणाला होता. जाण्याआधी त्याने हे यंत्र शेवटचं दुरुस्त केलं. तो आला नाही. यंत्र चालू आहे. दोघांत भांडण नाही, घटस्फोटही नाही. नाताळला त्याचा फोन येतो आणि तो यंत्राची चौकशी करतो.

रापूर घेऊन ती शुक्रवारी आणि शनिवारी किनाऱ्याच्या रस्त्याने व्हॅन फिरवते. ज्यांना आता बटाटे किसवत नाहीत अशा म्हाताऱ्यांच्या घरी देते, दुकानात देते. व्हॅनची शेवटची थांबण्याची जागा मात्र रोजची आहे, रापूर असो वा नसो. पेतीत-आंस गाव जिथे संपतं तिथे धक्क्यासमोर एक हिरवट घर आहे. तिथे तिचे वडील रेमों दूसे राहतात. वय अठ्ठ्याऐंशी. खुर्ची खिडकीत. बाहेर येणारी बोट दिसायच्या आधी इंजिनाच्या आवाजावरून ती कुणाची ते सांगतात, आणि चुकले तर बोट विकली गेली असेल म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात पडले. तेव्हा डॉक्टरांनी आणि घरी येणाऱ्या नर्सने एका अटीवर त्यांना एकटं राहू दिलं: दररोज कुणीतरी जायचं, गोळ्या द्यायच्या, जेवलेत ना बघायचं. नाहीतर वृद्धाश्रम. दुसरी मुलं टोरोंटोला आणि बॉस्टनला आहेत. तेव्हा हे कुणीतरी म्हणजे ओदील, आणि ओदील म्हणजे व्हॅन. या रस्त्याला बस नाही.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात ती व्हॅन पोलिसांनी थांबवली. पुढचं सगळं समजायला आमच्याकडची नावांची रीत माहीत असावी लागते.

आमच्या किनाऱ्यावर आडनावाचा उपयोग टपालाला आणि कोर्टाला. डझनभर आडनावांत सगळी वस्ती भागते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलग्याचं पहिलं नाव जोझेफ लागतं, मुलीचं मारी, त्यामुळे कागदावरून कोण कोण ते कळत नाही. माणूस ओळखायचा आईबापावरून. ओदील ही दोझितेच्या रेमोंची ओदील. दुकानवाली ब्लांश ही लांबड्या आल्बेरची ब्लांश. आल्बेर जाऊन खूप वर्षं झाली, आणि तो काही उंच नव्हता. गावातला एकुलता एक वकील हा फिलोमेनचा तिती. लहानपणी त्याला आपलं लुसियें हे नाव म्हणता येत नसे, तो तिती म्हणे. आता तो सदुसष्ट वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, टक्कल पडलंय. वकिलांच्या छापील यादीत तो जोझेफ एल. कोमो आहे. त्या नावाने गावात चौकशी केलीत तर लोक विचार करून सांगतील की तो वारला.

मात्यू लाफ्रन्येरला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो चोवीस वर्षांचा पोलीस शिपाई, उत्तर ऑन्टारियोतल्या लाकूडकापणीच्या गावातला. घरी फ्रेंच बोलणारा, म्हणून त्याला आमच्याकडे पाठवलेला. ऑगस्टअखेर आला आणि ओदीलच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिला. पहिल्याच संध्याकाळी तिने त्याच्यापुढे रापूर ठेवली.

"छान आहे, मादाम," तो म्हणाला, आणि पाणी मागितलं.

"मादाम म्हणू नकोस. मावशी म्हण. आणि आवडली नसेल तर काकवी घाल वरून, लाजू नकोस."

त्याने काकवी घातली. मादाम म्हणणं काही त्याला लगेच सोडता आलं नाही.

तीन आठवड्यांनी ओदीलची धर्ममाता लेओनी वारली. शुक्रवारी दुपारी दफन झालं. नंतर चर्चच्या सभागृहात रीतीप्रमाणे जेवण होतं, लेओनीनेच घालून ठेवलेली ब्लूबेरीची वाइन होती, आणि रम होती. लेओनीची वाइन संपवायची म्हणून सगळ्यांनी संपवली. चारच्या सुमाराला ओदील वडिलांकडे जायला निघाली. गोळ्यांची वेळ झाली होती.

वळणावर पोलिसांची नाकाबंदी होती. गाड्या एकामागून एक थांबवत होते. सार्जंट पुढे होता, मात्यू मागे. व्हॅन त्याने लांबूनच ओळखली. काच खाली झाली.

"काय रे, जेवण ओव्हनमध्ये ठेवलं होतं," ओदील म्हणाली. "मिळालं नाही का?"

"मिळालं, मादाम. तुम्ही आज काही घेतलंय का?"

"लेओनीला पुरून येतेय. न घेता कशी येईन?"

त्याने तिला श्वासातली दारू तपासणाऱ्या छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. यंत्राने नापास केलं. त्याने सार्जंटकडे पाहिलं, सार्जंटने मान डोलावली. मग तो पाठ केलेली वाक्यं म्हणाला, आणि तिला गाडीत बसवून ठाण्यावर नेलं. वाटेत ती एवढंच बोलली, की पापांच्या, म्हणजे वडिलांच्या, गोळ्या राहिल्यात. मात्यूने ठाण्यावर पोचताच कुणालातरी सांगून नर्सला निरोप दिला. हे इथे नोंदवायला हवं, कारण पुढे कोर्टात ते कुणी विचारलं नाही.

ठाण्यात सार्जंट मोठं यंत्र तयार करत होता. फोन मात्यूच्या टेबलावर होता.

"वकिलाशी बोलायचा तुम्हाला हक्क आहे," तो म्हणाला. "आत्ता, फुंकायच्या आधी. कुणाशी बोलायचंय?"

"फिलोमेनच्या तितीला फोन लाव."

"कोण तो? नातेवाईक?"

"लांबचा. तसे सगळेच आहेत."

"नातेवाइकाला नाही लावता येणार, मादाम. वकिलालाच."

"अरे, वकीलच आहे तो!"

"आडनाव?"

"कोमो."

यादीत कोमो खंडीभर होते. तिती नव्हता. मात्यूने पहिलं नाव विचारलं. ओदीलला ते येईना. ती आणि तिती पेतीत-आंसच्या एकाच शाळेत गेली, एकाच चर्चमध्ये जातात, त्याच्या आईच्या मयताची रापूर हिनेच केली; कागदावर तो कोण आहे याची तिला आयुष्यात कधी गरज पडली नव्हती. त्यात शरमेने डोकं बंद झालं होतं.

"दुकानात ब्लांशला फोन कर," ती म्हणाली. "ती देईल नंबर."

"ब्लांश वकील आहे?"

"ब्लांश? देवा रे! पाव विकते ती."

"मग तिला नाही करता येणार. सरकारी खर्चाने फोनवर सल्ला देणारे वकील आहेत. ते लगेच मिळतील. लावू?"

ओदीलने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा घामाघूम झाला होता. तिच्या घरचा भाडेकरू, तिनेच ओव्हनमध्ये ठेवलेल्या जेवणाचा डबा टेबलाच्या कडेला. आमच्याकडे समोरचा अडचणीत दिसला की त्याची अडचण आणखी वाढवत नाहीत.

"तुला बरं पडेल तसं कर," ती म्हणाली.

फोनवर हॅलिफॅक्सची वकीलबाई इंग्रजीत बोलली. ओदीलला इंग्रजी येतं, मासळीच्या कारखान्यापुरतं. ती प्रत्येक वाक्याला हो, हो म्हणाली आणि शेवटी आभार मानले. मग तिने यंत्रात फुंकलं. रक्तात दारू किती चालते याची कायद्याची मर्यादा ऐंशीची. आकडा आला एकशे अठरा.

तीन महिन्यांसाठी लायसन्स तिथल्या तिथे गेलं. हे सगळ्यांचंच जातं, खटला उभा राहायच्या आधी. त्या तीन महिन्यांत पहिले काही दिवस ब्लांशने ओदीलला रेमोंकडे नेलं-आणलं, मग दुकान कोण बघणार म्हणून ते थांबलं. चुलतभावालाही वेळ नव्हता, त्याची बोट लॉब्स्टरच्या हंगामासाठी तयार होत होती. नोव्हेंबरात रेमोंना वृद्धाश्रमात तात्पुरती खाट मिळाली. खोली स्वच्छ होती, नर्स मायाळू होत्या. खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती. रेमोंनी पहिल्या आठवड्यात तिथे येणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. डिसेंबरात लायसन्स परत मिळालं त्याच दुपारी ओदील त्यांना घरी घेऊन आली. कोट त्यांना सैल होत होता.

खटला जूनमध्ये होता. दोषी ठरली तर एक वर्ष गाडीला हात लावायचा नाही. तीन महिन्यांत काय झालं ते तिने पाहिलं होतं, आता एक वर्ष. नर्सने शब्द न चावता सांगितलं, या वेळी गेले तर ते परत येण्यासाठी जाणार नाहीत.

तरीही ओदील गुन्हा कबूल करायला निघाली होती. तितीच्या स्वयंपाकघरात झालेलं हे बोलणं मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

"तिती, मी प्यायले होते."

"ते सगळ्या गावाला माहीतेय. लेओनीची वाइन मीही प्यायलो. पण मी घरी चालत आलो, तू नाही आलीस."

"मग झालं तर. कबूल करते."

"मी विचारतो तेवढंच सांग. तू माझं नाव घेतलंस?"

"दहादा घेतलं."

"आणि ब्लांशचं?"

"हो. पण तो म्हणाला ब्लांश वकील नाही."

"ओदील," तिती म्हणाला, "पकडलेल्या माणसाला वकील शोधायला तिसऱ्या कुणाला फोन करायचा असेल तर करू द्यायला हवा. आईला, बायकोला, पाववालीला. माझं घर दुकानाच्या शेजारी आहे, मी घरातच होतो, बूट काढत होतो."

"आणि त्या पोराचं काय होईल?"

"कुठल्या पोराचं?"

"मात्यूचं. मी सुटले म्हणजे त्याने चूक केली असं होणार. त्याची नोकरी नवी आहे."

तितीने दुखरा गुडघा चोळला. "माझी चाळीस वर्षांची वकिली," तो म्हणाला, "पण पोलिसाची काळजी करणारा आरोपी पहिलाच बघतोय. तू तुझ्या बापाची काळजी कर."

मात्यू तोवर ओदीलच्या घरी राहत नव्हता. सार्जंटने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, साक्षीदाराने आरोपीच्या माडीवर झोपायचं नाही. तो हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये गेला. घाईत त्याचे थंडीचे बूट खोलीतच राहिले. पहिला बर्फ पडला तेव्हा ब्लांशने त्याला उन्हाळी बुटांत चिखल तुडवताना पाहिलं आणि येऊन ओदीलला सांगितलं. ओदीलने बूट पिशवीत घातले आणि तितीला फोन केला.

"अजिबात नाही," तिती म्हणाला. "आरोपीने साक्षीदाराला बूट पाठवले तर ती लाच दिसेल."

"अरे, त्याचेच बूट आहेत ते!"

"तरीही नाही."

मात्यूने नवीन बूट घेतले. जुने खोलीत राहिले, आणि खोली ओदीलने दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिच्याशी त्याचं बोलणं बंद होतं. रस्त्यात दिसली तर तो टोपीला हात लावून पुढे जायचा. पण गाव त्याच्याशी बोलत होतं. हिवाळाभर त्याने बर्फात रुतलेल्या गाड्या काढल्या, हरवलेली कुत्री शोधली, दोनदा भाऊबंदकी मिटवली. कुठल्याही कामाला गेला की आधी कोण कुणाचा हे शिकावं लागे, आणि ते तो शिकला. काकवी न घालता रापूर खाऊ लागला, ब्लांशच्या दुकानातल्या बाकावर बसून. त्याला स्वतःलाही नाव पडलं. ज्याचे आईबाप इथले नाहीत त्याला आमच्याकडे घरावरून ओळखतात. ते घर त्याने सोडलं होतं, घरमालकिणीला अटक करून सोडलं होतं, पण नावात काही फरक पडला नाही.

डिग्बीच्या कोर्टात जूनच्या एका सोमवारी सुनावणी झाली. रेमों घरीच होते. त्यांनी सकाळी स्वतःची बॅग भरून दाराशी ठेवली होती. ओदीलने ती उचलून कपाटात ठेवली, त्यांनी पुन्हा काढली.

मात्यू गणवेशात साक्षीला उभा राहिला. सरकारी वकीलबाईंनी त्याच्याकडून अटकेची हकीकत घेतली. यादी दाखवली होती का? होती. फोन उपलब्ध होता का? होता. आरोपी वकिलाशी बोलली का? बोलली. सल्ल्याबद्दल तक्रार केली का? नाही. तिथवर सगळं सरळ होतं.

मग तिती काठी टेकत उठला.

"माझ्या अशिलाने तुम्हाला कुणाला फोन लावायला सांगितलं?"

"फिलोमेनच्या तितीला."

"तुम्ही लावलात?"

"नाही. यादीत तसं नाव नव्हतं."

"तिने आणखी कुणाचं नाव घेतलं?"

इथे मात्यू थांबला. त्याच्या अहवालात याबद्दल एक अक्षर नव्हतं. खोलीत तेव्हा ती दोघंच होती. आठवत नाही म्हणाला असता तर ते कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं; नऊ महिने झाले होते.

"घेतलं," तो म्हणाला. "दुकानातल्या ब्लांशचं. ब्लांश नंबर देईल, असं त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, तुला बरं पडेल तसं कर."

सरकारी वकीलबाई उठल्या. "हे तुमच्या अहवालात नाही."

"नाही, बाईसाहेब. पण त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा मला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही."

"आज कुणी तुमच्याकडे फिलोमेनच्या तितीला फोन लावून मागितला," तितीने विचारलं, "तर काय कराल?"

"तुम्हाला फोन लावीन."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"गावात तुम्हाला काय म्हणतात?"

सरकारी वकीलबाईंनी याचा खटल्याशी संबंध काय असं विचारलं. न्यायाधीश म्हणाले, त्यांनाही ऐकायचं आहे.

मात्यू लाल झाला. "ओदीलचा मात्यू," तो म्हणाला.

"अटकेनंतरही?"

"अटकेनंतरच जास्त."

"आणि लाफ्रन्येर कोण म्हणतं?"

"माझी आई, चिडली की. आणि कोर्ट."

ओदील मान खाली घालून बसली होती. तितीने आणखी काही विचारलं नाही. ब्लांशला साक्षीला बोलावून ठेवलं होतं, नवा कोट घालून ती आली होती. तिची गरजच लागली नाही आणि त्याबद्दल ती अजून तितीला बोलते.

निकाल दुपारी दिला. न्यायाधीश सावकाश बोलले. यंत्रात खोट नाही, आकडा खरा आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. या रस्त्यावर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी माणसं मारली आहेत आणि त्यांच्या घरच्यांपैकी काही आज याच इमारतीत असतील, हेही सांगितलं. शिपायाच्या मनात कपट नव्हतं. त्याची साक्ष ऐकल्यावर त्याबद्दल शंका उरत नाही. पण तिला हवा असलेला वकील एका फोनच्या अंतरावर होता, तिने त्याचा रस्ताही सांगितला होता, आणि तो बंद केला गेला. तुला बरं पडेल तसं कर, असं म्हणणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. हा शिष्टाचार आहे. माणसं गावात ज्या नावाने राहतात त्या नावाने त्यांना वकील मागता यायला हवा. वकिलाशी बोलण्याआधी तिच्याच श्वासातून घेतलेला पुरावा कोर्टाने वापरला, तर पुढच्या वेळी ठाण्यात कुणी फोन करायची तसदी घेणार नाही. म्हणून तो आकडा पुराव्यातून वगळला. मर्यादेपलीकडे प्यायल्याचा दुसरा पुरावा नव्हता. आरोपी निर्दोष.

ओदील उठून उभी राहिली. तितीने तिची बाही ओढली, पण तिने विचारलंच.

"म्हणजे मी प्यायलेच नव्हते, असं झालं का, साहेब?"

"नाही, मादाम," न्यायाधीश म्हणाले. "प्यायला होतात. कोर्ट तिकडे बघणार नाही, एवढंच. तुम्ही बघा."

ती म्हणाली, "बघते."

व्हॅन घेऊन ती सरळ हिरवट घराकडे गेली. रेमों बॅगेशेजारी कोट घालून बसले होते.

"सुटलीस?"

"सुटले, पापा."

"प्यायली होतीस ना?"

"होते."

"मग यापुढे मयताला सरबत पी," रेमों म्हणाले. "पिणारे गावात पुरेसे आहेत. गोळ्या दे."

त्यांनी कोट काढला नाही. बॅग मात्र तिला उचलू दिली.

ऑगस्टात सिमोनच्या मार्कची आई गेली तेव्हा ओदील सभागृहात रापूर घेऊन आली आणि दारातच व्हॅनची किल्ली ब्लांशच्या हातात दिली. "आज नको मला ही," म्हणाली. मग रम घेतली, आणि ब्लांशने तिला घरी सोडलं. आता बऱ्याच जणी ब्लांशकडे किल्ल्या देतात. ब्लांश स्वतः पीत नाही. आपली अडवणूक झालीय, असं तिचं म्हणणं.

सरकारने वरच्या कोर्टात अपील करायची मुदत जुलैमध्ये संपली. सरकारी वकीलबाईंनी अपील केलं नाही. मात्यूला सार्जंटने बोलावून अर्धा तास दार लावून सुनावलं आणि मग ठाण्यातल्या यादीच्या समासात गावातली नावं लिहून काढायचं काम दिलं. ते तो ब्लांशच्या बाकावर बसून करतो. वाद होतात, दोन म्हातारे एकाच माणसाला दोन बापांचा ठरवतात.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, वरिष्ठांची परवानगी काढून, त्याने ओदीलच्या घराचं मागचं दार वाजवलं. ती कोंबडी सोलत होती.

"मावशी, खोली रिकामी आहे का?"

"रिकामी कुठली?" ती मान वर न करता म्हणाली. "बूट आहेत तुझे तिथे."

तो आत आला. त्या अटकेबद्दल दोघं काय बोलली ते मी विचारलं. ओदील म्हणाली, काही नाही. मात्यू म्हणाला, त्याने माफी मागायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तिने त्याच्या हातात बटाट्याचं पोतं दिलं.

तिच्या अंगणात आता दोन गाड्या असतात, एक व्हॅन आणि एक पोलिसांची. गल्लीतून जाताना लोक हळू जातात, आणि ओदीलच्या मते हा एक फायदाच आहे.

उद्या शनिवार आहे. मात्यूची पाळी दुपारची, त्यामुळे पोती तो आणून देईल. पावणेसहाला यंत्र सुरू होईल. दुपारी चारला व्हॅन धक्क्यासमोरच्या हिरवट घराशी उभी असेल, आणि ट्रेच्या कोपऱ्यातला, दोन बाजूंनी कवच असलेला तुकडा रेमोंच्या ताटात पडेल.